बाळंतिणीची जागा

१९८५ साल उजाडलं तेव्हा माझी चेतना पाच महिन्यांची होती, आणि तिला कुशीत घ्यायची मला बंदी होती.

"उंबऱ्याच्या आत यायचं नाही, हेमे. तिथूनच बघ," माझ्या सासूबाई, आत्याबाई, म्हणाल्या.

मी कारखान्यातून नुकतीच आले होते. हातपाय धुतले होते, पातळ बदललं होतं, तोंडावर पदर धरला होता. चेतना त्यांच्या मांडीवर बोंडल्यानं गाईचं दूध पीत होती. माझी चाहूल लागली तशी तिनं मान वळवली. दूध गालावर ओघळलं आणि तिनं भोकाड पसरलं. तिच्या रडण्यासरशी माझी चोळी भिजली. दूध आटत चाललं होतं, तरी तिचा आवाज ऐकला की पाझर फुटायचाच.

"आत्याबाई, एकदाच घेऊ द्या. तोंड बांधून घेते."

"नको."

"डॉक्टरांनी छातीचा फोटो काढलाय ना? काही नाही म्हणाले ते."

"फोटोत माणूस हसतो, म्हणून तो सुखी असतो होय?"

मला काहीतरी उत्तर द्यायचं होतं, पण घशात खवखवलं आणि खोकल्याची उबळ आली. कोरडा, ठसकेबाज खोकला. सुरू झाला की डोळ्यांतून पाणी काढल्याशिवाय थांबत नसे. मी भिंतीला धरून उभी राहिले. आत्याबाईंनी चेतनाचं तोंड पदराखाली घेतलं आणि पाठ फिरवली.

आत्याबाईंची थोरली बहीण क्षयानं गेली होती. तिच्या मागोमाग तिचं अंगावरचं मूलही गेलं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. पण त्या दिवसांत मला वेगळाच संशय यायचा. माझ्या नणंदेला, इंदुवन्संना, लग्नाला बारा वर्षं होऊनही मूलबाळ नव्हतं. त्या मालेगावला असत. चेतनाच्या बोरनहाणाला त्या येणार होत्या आणि जाताना तिला घेऊन जाणार होत्या. "हेमा बरी होईपर्यंत," असं आत्याबाई म्हणायच्या. बरी कधी होणार, ते कोणी म्हणत नव्हतं. मला वाटायचं, खोकला हे निमित्त आहे. मायलेकींचं आधीच ठरलंय.

ह्यांना एकदा विचारलं. हे दुसऱ्या पाळीला असत, घरी येत तेव्हा मी झोपेला आलेली असे. म्हणाले, "आई काय वैरीण आहे का तिची? चार महिने राहील मालेगावला, बिघडलं काय?"

"आणि चार महिन्यांनी ती मला ओळखेल का?"

ह्यांनी कूस बदलली.

* * *

मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात कॉइल गुंडाळायचं काम करत होते. केसापेक्षा बारीक तांब्याची तार, डोळ्यासमोर भिंग, आणि हात स्थिर. तार तुटली की कॉइल वाया. आम्ही सगळ्या बायकाच होतो त्या खात्यात. आम्हाला न्यायला-आणायला कंत्राटदाराची एक जुनी बस होती. आडगाव नाक्यापासून निघायची, आग्रा रोडनं ठिकठिकाणी बायका घेत जायची. जकात नाक्यापाशी ट्रकांची रांग लागलेली असे. त्या रांगेत बस अडकली की अडकली. पुढं ट्रक, मागं ट्रक, बाजूला ट्रक, सगळे धूर ओकत उभे. आमची बसही घरघरत उभी राही, कारण तिचा सेल्फ खराब होता. बंद केली तर ढकलल्याशिवाय सुरू होत नसे.

त्या बसमध्ये प्रत्येकीची जागा ठरलेली होती. दुसरीच्या जागेवर बसलं की महाभारत. आणि सगळ्यांत मानाची जागा होती पुढची, ड्रायव्हरच्या डावीकडची, बॉनेटला लागून. बसचं इंजिन आतच असे, त्यावर पत्र्याचं झाकण. त्यालाच आम्ही बॉनेट म्हणायचो. मागच्या बाकांवर हाडं खिळखिळी होत, इथं हादरा बसत नसे. शिवाय ऊब. नाशिकच्या थंडीत त्या जागेसारखी दुसरी जागा नव्हती. म्हणून बायकांनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं, की जी नुकतीच बाळंतीण होऊन कामावर येईल तिनं तिथं बसायचं. बाळंतिणीला शेक बरा. घरी बाजेखाली शेगडी असते, इथं बॉनेट. त्या झाकणावर घालायला सगळ्यांनी मिळून एक गोधडी शिवली होती, जुन्या पातळांची, वर लाल फुलं. जागेचं नावच पडलं होतं, बाळंतिणीची जागा.

मी दिवाळीनंतर कामावर आले त्या दिवशी कुसुमताई आहेरांनी मला हाताला धरून तिथं नेलं. कुसुमताई आमच्यात सगळ्यांत जुन्या, आमच्याच गल्लीत राहायच्या.

"बस इथं. पाय वर घे, गोधडीवर ठेव. कमरेला शेक लागू दे." मग खिडकीची काच लावून, फटीत चिंधी खुपसून म्हणाल्या, "वारा लागला तर जन्माची डोकेदुखी होईल, बाई."

ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. पुंजाभाऊ त्याचं नाव. "मागं जागा आहे की, ताई," तो म्हणाला.

"तू गाडी चालव," कुसुमताई म्हणाल्या. "बायकांनी कुठं बसायचं ते बायका बघतील."

पुंजाभाऊ मला आवडायचा नाही. एक तर तो आरशातून सारखा माझ्याकडे बघायचा. मी जरा पेंगले की जोरात हॉर्न द्यायचा, समोर कोणी नसलं तरी. तोंडाला ओला पंचा बांधायचा, दरोडेखोरासारखा. आणि इतक्या थंडीत स्वतःची खिडकी सताड उघडी ठेवायचा. बायकांनी भांडून त्याच्या सीटमागे ताडपत्रीचा पडदा लावून घेतला होता, त्याच्याकडचं वारं आमच्याकडे येऊ नये म्हणून. तरी तो दर आठ-पंधरा दिवसांनी म्हणायचाच, "ताई, आज मागं बसा ना."

"ह्याचं लक्षण ठीक नाही," मी एकदा कुसुमताईंना म्हणाले.

"डोळे काढून हातात देईन मेल्याच्या," त्या म्हणाल्या.

खोकला सुरू झाला तो थंडी वाढल्यावर. आधी डोकं दुखायला लागलं, मळमळायचं. आम्हाला वाटलं, भिंगातून बघून बघून होत असेल. मग घसा. मग ठसका. खात्यात माझ्या तारा तुटू लागल्या. शेजारणींनी डब्यातली भाजी वाटून घेणं बंद केलं. कोणी काही बोललं नाही, पण माझा पेला वेगळा राहू लागला.

आणि एक दिवस आमच्या ओट्यावर कुसुमताई आत्याबाईंशी हळू आवाजात बोलताना दिसल्या. मी आले तशा उठल्या.

"काय सांगत होत्या?" मी विचारलं.

"छबू पगारेचं," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्याआधी तुमच्यात बाळंतीण झालेली. ती पण अशीच खोकायची म्हणे. बाळंतरोग झाला. सासरच्यांनी येवल्याला माहेरी नेऊन घातली, पोर ठेवून घेतलं."

त्याच आठवड्यात मालेगावला निरोप गेला. कुसुमताईंशी मी बोलणं सोडलं. बसमध्ये त्या सुपारी पुढं करायच्या, मी खिडकीबाहेर बघायची. चिंधी खुपसलेल्या काचेतून दिसत काहीच नसे.

* * *

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आत्याबाईंचा संशय एका जागी बसणारा नव्हता. तो घरभर फिरायचा. दूधवाला पाणी घालतो, वाणी तराजूखाली बोट लावतो, मामंजी देवळात जातो म्हणून चहाला जातात. त्यात बहुतेक वेळा तथ्य निघायचं, हीच पंचाईत.

एका सोमवारी संध्याकाळी मी खोकत घरात शिरले, तर त्या चुलीपुढून म्हणाल्या, "काल खोकली नाहीस."

"काय?"

"काल रविवार होता. सकाळी थोडी खोकलीस, दुपारनंतर नाही. गेल्या रविवारीही नाही. आज आलीस ती खोकतच." त्यांनी विस्तव मागं ओढला. "क्षयाला रविवारची सुट्टी असते काय गं?"

"मग मी सोंग करते म्हणता?"

"ते अजून ठरलं नाही. तिथं काय खातेस?"

"घरचाच डबा खाते."

"मिश्री लावतेस? तपकीर?"

"आत्याबाई!"

"कोणी काही देतं का? चहा कोण आणतं?"

माझा संताप झाला. "तुम्हीच या एकदा आणि बघा, मी काय करते, कुठं जाते, कोण काय देतं ते!"

"येणारच आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं हळदीकुंकू आहे ना कारखान्यात?"

दर वर्षी संक्रांतीनंतर आमच्या खात्यात हळदीकुंकू व्हायचं. घरची एक बाई बरोबर आणायची मुभा होती. इतकी वर्षं आत्याबाईंना बोलावून मी थकले, त्या कधी आल्या नाहीत. त्या वर्षी आपणहून निघाल्या. मला कळलं, या हळदीकुंकवाला नाही येत, पाळतीवर येतात. इंदुवन्सं दुसऱ्याच दिवशी यायच्या होत्या. म्हणजे माझ्याविरुद्ध काही सापडलं तर हातात घेऊनच बोरनहाणाला बसायचं, असा त्यांचा हिशेब. मला तसंच वाटलं.

* * *

चेतनाला मामंजींवर सोपवून आम्ही दोघी निघालो. आत्याबाईंनी काळी चंद्रकळा नेसली होती, नाकात नथ. हातात तिळगुळाचा डबा आणि हळदीकुंकवाची कोयरी. बस आली तशी सगळ्या बायका "या, या" करत सरकल्या. आता वयानं मोठी पाहुणी, तीही सवाष्ण. माझी जागा मी त्यांना दिली आणि मागच्या बाकावर बसले.

"इथं बसा आत्याबाई, गोधडीवर पाय घ्या," कुसुमताई म्हणाल्या. "शेक मिळतो चांगला."

आत्याबाई बसल्या. पुंजाभाऊनं आरशातून पाहिलं. "मावशी, मागं मोकळी जागा आहे."

"का रे? ही काय मोडकी आहे?"

"तसं नाही..."

"मग गप चालव."

द्वारका चौकापर्यंत त्यांनी बसमधल्या प्रत्येक बाईला विचारून घेतलं. माहेर कुठलं, नवरा काय करतो, डब्यात काय आणलंस. माझ्या डब्याचं झाकणही उघडून पाहिलं. मेथीची भाजी, भाकरी. काही सापडलं नाही, म्हणून जरा नाराजच दिसल्या.

पुढं जकात नाक्याची रांग आली आणि बस थांबली. घरघर चालू. ट्रकांचा धूर काचांवर येऊन बसत होता. आत्याबाईंचं बोलणं हळूहळू कमी झालं. मला वाटलं डुलकी लागली. तेवढ्यात त्या खोकल्या.

मी चमकून पुढं वाकले. पुन्हा खोकल्या. तोच खोकला. कोरडा, ठसकेबाज. माझाच खोकला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा तसा.

पुंजाभाऊनं हॉर्न वाजवला. समोरचा ट्रक जागचा हलला नव्हता.

"अरे, कोणाला वाजवतोस?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज जड झाला होता. कपाळावर घाम होता. त्यांनी पंचा बांधलेल्या त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग उघड्या खिडकीकडे, मग मधल्या ताडपत्रीकडे.

"ए बाबा, तुझ्या तोंडाला फडकं कशाला?"

"सर्दी आहे, मावशी."

"कधीपासून?"

त्यानं पंचा आणखी वर ओढला. मागून कोणीतरी हसून म्हणालं, "वर्षभर असते त्याला सर्दी."

"हेमे," आत्याबाई म्हणाल्या, "तू रोज इथं बसतेस?"

"हो."

"आणि ती पगाऱ्याची छबू?"

कुसुमताईंनी उत्तर दिलं, "ती पण. बाळंतिणीचीच जागा ना ही."

आत्याबाईंनी पाय खाली घेतले. गोधडीचं टोक धरलं आणि एका झटक्यात ती झाकणावरून ओढून काढली. वरून लाल फुलं, आणि खालची बाजू तव्याच्या बुडासारखी काळी. पत्र्याच्या झाकणाच्या कडेचं रबर कधीच गळून गेलं होतं. मुठीएवढी फट होती. त्या फटीतून गरम धूर वर येत होता, दिसेल न दिसेल असा. इतके दिवस त्यालाच आम्ही ऊब म्हणत होतो.

त्यांनी कमरेचा रुमाल काढला. पांढरा, कोपऱ्यावर हिरवी वेलबुट्टी होती. फटीवर धरला. आम्ही सगळ्या उभ्या राहून बघत होतो. बाहेर ट्रक भोंगे देत होते. थोड्या वेळानं त्यांनी रुमाल उचलला. मधोमध काळा टिळा उमटला होता, बुक्क्यासारखा.

कुसुमताईंनी तोंडावर हात नेला.

"तुला ठाऊक होतं," आत्याबाई पुंजाभाऊला म्हणाल्या. विचारलं नाही त्यांनी, सांगितलं.

पुंजाभाऊनं पंचा खाली ओढला. त्याचे ओठ आणि नाकपुड्या काळवंडलेल्या होत्या. "मालकाला दोनदा सांगितलं, मावशी. सायलेन्सरचा पाइप खालून फुटलाय, आत धूर येतो म्हणून. तो म्हणाला, गोधडी आहे ना बायकांची, ती नीट दाबून बसव. नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघतो."

"आणि ह्या पोरींना सांगायला तुझी जीभ झडली होती?"

"मागं बसा म्हणत होतो की! कितीदा म्हणालो. तर ह्यांना वाटायचं, ह्याच्या मनात पाप आहे." तो माझ्याकडे बघून थांबला. "ताई पेंगायच्या, मला भीती वाटायची. म्हणून हॉर्न द्यायचो. छबूताई एकदा इथंच बेशुद्ध पडली. तुम्ही सगळ्या म्हणालात, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे. तिला आणखी पुढं सरकवून बसवलीत, शेक लागावा म्हणून. मी ड्रायव्हर माणूस. बाळंतिणीला काय बरं आणि काय वाईट, ते तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू?"

आत्याबाई उठल्या, तशा त्यांचा तोल गेला. मी त्यांना धरलं. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांनी मला अंगाला हात लावू दिला.

"दार उघड," त्या म्हणाल्या.

"मावशी, कारखाना अजून लांब आहे."

"पाय आहेत."

त्या खाली उतरल्या. रस्त्याच्या कडेला ओकल्या, चूळ भरली, नथ सारखी केली. मग चालायला लागल्या. मी त्यांच्या मागं. मग कुसुमताई उतरल्या. मग एकेक करत सगळ्याच. काळ्या साड्या नेसलेल्या, हातात हळदीकुंकवाच्या कोयऱ्या आणि तिळगुळाचे डबे घेतलेल्या बायका ट्रकांच्या रांगेकडेनं नाकाला पदर लावून चालत होत्या. ट्रकवाले डोकं बाहेर काढून विचारत होते, "कोणत्या देवाला, मावशी?"

"तुमच्या धूरदेवाला!" आत्याबाईंनी ओरडून सांगितलं.

कारखान्याच्या फाटकात साहेब उभेच होते. उशीर का झाला, विचारायला. आत्याबाईंनी आधी त्यांच्या हातावर तिळगुळ ठेवला. मग रुमाल उलगडून धरला.

"हळद-कुंकू आम्ही घरून आणलं होतं," त्या म्हणाल्या. "काजळ तुमच्या गाडीनं घातलं. आता सांगा, ह्या गाडीत तुमच्या घरची बाळंतीण बसवाल?"

साहेबांनी चष्मा पुसला. चालून दमला असाल म्हणाले, चहा सांगतो म्हणाले. आत्याबाई चहाला हो म्हणाल्या नाहीत. त्या फाटकाच्या पायरीवर बसल्या आणि त्यांच्या मागं आम्ही सगळ्या. दुसरी गाडी येईपर्यंत त्या दिवशी एकही कॉइल गुंडाळली गेली नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी इंदुवन्सं आल्या. बरोबर नवी दुपटी, झबली, चांदीचा वाळा. माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या आणि पिशव्या माजघरात नेऊन ठेवल्या. त्यांना तोवर कोणी काही सांगितलं नव्हतं. आत्याबाईंनी मला एका शब्दानं विचारलं नाही, समजावलं नाही, 'चुकलं' तर त्यांच्या तोंडून जन्मात कधी निघालं नाही. मी त्यांच्याकडे बघायची आणि मला कळायचं नाही. रुमालावर डाग पडला म्हणून माझी छाती निर्दोष ठरली का? की एका खोकल्याचं कारण सापडलं, पण दुसरा संशय अजून शिल्लकच आहे? त्यांच्यासारख्या बाईचं काही सांगता येत नव्हतं. मला खोकला होताच अजून. तो काय एका दिवसात जाणार होता?

बोरनहाणाला गल्लीतल्या बायका, पोरं जमली. अंगणात पाट मांडला. चेतनाला काळं झबलं घातलं होतं, हलव्याचे दागिने घातले होते. इंदुवन्सं पदर खोचून पाटावर बसल्या आणि तिला घ्यायला त्यांनी हात पुढं केले. मी दारात उभी होते, उंबऱ्याच्या पलीकडेच, सवयीनं. माझ्या हातात बोरांचं ताट होतं.

आत्याबाई चेतनाला घेऊन आल्या. इंदुवन्संच्या हातांपर्यंत आल्या आणि तिथं थांबल्या.

"इंदे, ऊठ."

"का गं आई?"

"पाट तिच्या आईचा आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. कुसुमताईंनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि पाठीला हात लावून पुढं ढकललं. मी पाटावर बसले. आत्याबाईंनी चेतनाला माझ्या मांडीवर ठेवली. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओठ काढले. आता ही रडणार आणि हिला पुन्हा उचलून नेणार, असं मला वाटलं. तेवढ्यात बोरं, चुरमुरे, हलवा डोक्यावरून घरंगळत आला, पोरं तुटून पडली, आणि त्या गोंधळात ती माझ्या पदरात तोंड खुपसून काहीतरी शोधू लागली.

"जा आत घेऊन," आत्याबाई म्हणाल्या. "बघतेस काय माझ्याकडे? भूक लागलीय तिला."

* * *

खोकला उन्हाळा लागेपर्यंत पुरला, मग गेला. दूध मात्र पहिल्यासारखं आलं नाही. बोंडलं सुटलं नाही ते नाहीच.

कंत्राटदारानं बस बदलली आणि ड्रायव्हरही बदलला. पुंजाभाऊ नंतर रिक्षा चालवायचा. मला पाहिलं की थांबायचा, बसवून सोडायचा. पुढं त्याला दम लागायला लागला. पन्नाशी गाठली नाही त्यानं. आयुष्यभर त्याची जागा तीच होती, धुराच्या तोंडाशी. तिला फक्त कोणी नाव दिलं नव्हतं.

कुसुमताई निवृत्त होईपर्यंत माझ्या शेजारी बसल्या. त्या पहिल्या खिडक्या उघडायच्या आणि नव्या मुलींशी त्यावरून भांडायच्या.

इंदुवन्सं त्या वेळी दोन दिवस रुसून मालेगावला परत गेल्या. पुढं त्यांनी नाशिकच्याच एका आश्रमातून मुलगा दत्तक घेतला. चेतनासाठी आणलेली झबली त्याला घातली. आता तो त्यांना सांभाळतो.

छबूकडे आत्याबाई आणि मी त्याच उन्हाळ्यात येवल्याला गेलो. ती मागावर बसून पैठणी विणत होती. दोन-चार महिन्यांतच खोकला थांबला होता, म्हणाली. तोवर नवऱ्यानं दुसरी केली होती. आत्याबाई तिच्या सासरी जाऊन ओट्यावर उभ्या राहून भांडल्या, पण झालेलं लग्न काही मोडलं नाही. छबूनं पुन्हा संसार केला नाही. तिचा मुलगा मोठा झाल्यावर तिला शोधत आला, हे ऐकलं तेव्हा आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली. चेतनाच्या लग्नातली पैठणी छबूनं विणलेली आहे.

आणि आत्याबाई? चेतना कॉलेजला जायला लागली तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. ती स्कूटीवर जायची, नाशिकच्या, पुण्याच्या मुली जातात तशी, डोळ्यांखाली सगळा चेहरा ओढणीनं घट्ट गुंडाळून. समोरच्या बाईंनी एकदा विचारलंच, "तोंड बांधून कुठं जाते हो तुमची नात?" आत्याबाईंनी त्यांना जे उत्तर दिलं, ते लिहिण्यासारखं नाही. ती गाठ त्याच बांधून द्यायच्या, रोज सकाळी दारात उभ्या राहून. आणि संध्याकाळी ती आली की आधी ओढणी मागून घ्यायच्या, खिडकीशी जाऊन उजेडात धरायच्या, नाकाची जागा शोधून निरखून बघायच्या.

"आत्याबाई, रोज काय बघता त्यात?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही.

"रस्त्यानं हिच्याबरोबर कोण आलं, ते बघते," त्या म्हणाल्या.